चकलीच्या पाकिटामागचा हिशेब

घरी चकली करणाऱ्या ताई पहिल्यांदा पाकिटं घेऊन दुकानात जातात, तेव्हा चव बघायच्या आधीच दुकानदार विचारतो, "आम्हाला किती सुटणार?" आणि पाठोपाठ, "25 टक्के तरी सुटले पाहिजेत."

इथे लगेच मान डोलवायची नाही. 25 टक्के कशावर, हे आधी विचारायचं. पाकिटावर 100 रुपये छापलेत असं समजू आणि जीएसटी सोयीसाठी बाजूला ठेवू. छापील किमतीवर 25 टक्के सुटणार असतील तर तुमच्या हातात 75 रुपये येतात. दुकानदाराच्या खरेदीवर धरले तर 80. भाजणी, तेल, गॅस, पिशवी, लेबल, मदतीला येणाऱ्या बाईंची मजुरी आणि तुमची स्वतःची मजुरी मिळून पाकीट 62 रुपयांना पडत असेल, तर नफा एका हिशेबाने 13, दुसऱ्याने 18. (स्वतःची मजुरी बऱ्याच जणी धरतच नाहीत. मग "धंदा चालतो, पण हातात काही उरत नाही" हे ठरलेलंच.)

समजा 75 वर आलात. आता घासाघीस सुरू होते: "दोन रुपये कमी करा, दुसरे 73 ला देतात." दोन रुपये 75 मधले म्हणून किरकोळ वाटतात, पण जातात ते तुमच्या 13 मधून. शंभर पाकिटांवर सुटायचे ते 1300 रुपये मिळवायला आता 119 पाकिटं विकावी लागतील. म्हणून भाव सोडायचाच असेल तर बदल्यात काही मागून सोडावा: रोख पैसे, दुप्पट माल, नाहीतर काउंटरवर समोरची जागा. काहीच न मागता उतरलात की आधीचा भाव फुगवलेला होता असा अर्थ निघतो, आणि पुढच्या खेपेला आणखी दोन मागितले जातात.

भावावर एवढी हुज्जत घालणारी मंडळी परतीच्या मालाबद्दल मात्र बोलतच नाहीत. खरा घाटा तिथे आहे. शंभरातली 10 पाकिटं चुरा झाली, मऊ पडली म्हणून परत आली, तर 90 वर सुटले 1170 आणि 10 पाकिटांचा खर्च गेला 620. उरले 550. तेव्हा परत काय घेणार, किती दिवसांत घेणार आणि उंदराने कुरतडलेलं कोणाच्या खात्यात, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. सुरुवातीला माल थोडा द्यावा आणि दर आठवड्याला स्वतः जाऊन फळी बघावी.

उधारीचंही तसंच. आठवड्याला 200 पाकिटं आणि पैसे सहा आठवड्यांनी, म्हणजे तुमचे 74,400 रुपये कायम त्या एका दुकानात अडकलेले. पंधरवड्याची बोली झाली तर 24,800.

दुकानदाराला खरी काळजी एकच असते, माल उठेल का. ती चवीच्या वर्णनाने जात नाही. आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "आता अमुक दुकानात मिळेल" असं टाकून पहिली गिऱ्हाइकं तुम्हीच त्याच्याकडे धाडा, शनिवारी संध्याकाळी तिथेच चव द्या, आणि खप लिहून ठेवा. पुढच्या दुकानात तोच आकडा बोलतो. मात्र तो खरा हवा; दुकानदार एकमेकांना फोन करतात.

मोठं दुकान पैसे लांबवू लागलं तर कायद्याचा आधार आहे. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाला, 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. शिवाय 2023-24 या आर्थिक वर्षापासून, मुदत उलटून गेलेली अशी देणी खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी खर्चात दाखवता येतात. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यावर कोणी दावा लावत नाही, लावूही नये. पण बिलावर उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापलेली असली, की मोठ्या दुकानाचा हिशेबनीस मार्च संपायच्या आत स्वतःहून फोन करण्याची शक्यता वाढते.