मुलींचा खांदा सांभाळा

सभासद बंधू-भगिनींनो,

दरवेळी या पानावर लागण, बेणे आणि खोडव्याविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा, पण आपल्या घरातलाच आहे. आपल्या मुली शाळेत सॉफ्टबॉल खेळतात, स्पर्धांना जातात. माझी धाकटी पिचर आहे. गेल्या हिवाळ्यात एका स्पर्धेत तिने एकाच दिवशी तीन सामन्यांत चेंडू टाकले. घरी आल्यावर दोन दिवस तिला वेणी घालता येईना. विचारले तर "काही नाही, बाबा." संघातून काढतील म्हणून पोरीने दुखणे लपवले. मीही 'हात खालून तर फिरतो, त्यात काय होतंय' म्हणून गप्प बसलो. चूक माझी.

खालून टाकलेला चेंडू खांद्याला सोसतो, हा समज खोटा आहे. पिचरचा हात खांद्याभोवती पूर्ण गरका घेतो आणि मांडीजवळ चेंडू सुटतो. त्या वेळी हात खांद्यातून बाहेर ओढला जातो. अमेरिकेत २००५ साली लहान वयाच्या पिचरांवर मोजमाप झाले. ही ओढ सरासरी त्यांच्या वजनाच्या जवळपास निघाली. म्हणजे चाळीस किलोच्या मुलीला दर चेंडूमागे चाळीस किलोच्या आसपास हिसका! दंडाची बेटकुळी तो हिसका आवरते, म्हणून दुखणे बऱ्याचदा खांद्याच्या पुढच्या बाजूस सुरू होते.

खरा जोर पायातून यावा. पुढचा पाय होम प्लेटच्या दिशेने सरळ पडावा, मग कंबर, मग धड आणि शेवटी हात. पाय आडवा पडला किंवा थकून धड ढिले पडले, की सगळा भार एकट्या हातावर येतो.

नवा खोंड आपण पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. खांदा सुजला तर जू उतरवतो. मग पोरीच्या खांद्याला तेवढीही माया नको?

एवढे करा. सरावातले आणि सामन्यातले चेंडू वहीत मांडा. एका संघात दोन-तीन पिचर तयार करावेत, असे गुरुजींना सांगा. वर्षातून काही महिने हाताला सुटी द्या. दुखले तर बाम चोळून मैदानात धाडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि दुखणे सांगितले म्हणून मुलीला रागावू नका.

आमची सहा आठवडे बसून होती. आता पुन्हा खेळते. वही तीच लिहिते, मी फक्त रात्री बघतो.

कळावे,
आपला
ऊस विकास अधिकारी