पिक्सार भारी की ड्रीमवर्क्स?

परवा कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये आमच्या ग्रुपचं जवळजवळ भांडण झालं. कारण अगदीच क्षुल्लक. एकीने स्टेटसला 'श्रेक'चं मीम टाकलं आणि त्यावर एकाने रिप्लाय दिला, 'पिक्सारसमोर ड्रीमवर्क्स म्हणजे चिल्लर.' झालं! कटिंग थंड झाली, एक लेक्चर बुडालं आणि शेवटी नेहमीचं वाक्य आलंच, 'पिक्सार रडवतं आणि ड्रीमवर्क्स हसवतं.' सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मग घरी येऊन 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन' पुन्हा लावला आणि स्वतःचाच राग आला. ड्रीमवर्क्सचा हा सिनेमा. त्याच्या शेवटी हिरो जागा होतो, पलंगावरून उठतो आणि त्याचा एक पाय नसतो. (स्पॉयलर! पण सिनेमा २०१० चा आहे, त्यामुळे सॉरी म्हणणार नाही.) हे हसवणं म्हणायचं का?

तेव्हा ठरवलं, या विषयावर नीट लिहायचं. मदतीला मावसभावाला पकडलं. दादा सव्वीस वर्षांचा आहे. अ‍ॅनिमेशनचा डिप्लोमा करून चार वर्षं गोरेगावच्या एका स्टुडिओत रोटोचं काम करत होता. रोटो म्हणजे परदेशी सिनेमाच्या प्रत्येक फ्रेममध्ये माणसाच्या कडेने रेघ ओढून त्याला मागच्या दृश्यातून वेगळं काढायचं. एका सेकंदाच्या चोवीस फ्रेम्स. दादाचं काँट्रॅक्ट दिवाळीत संपलं, ते पुढे वाढलं नाही. त्यामुळे सध्या त्याच्याकडे वेळच वेळ आहे आणि मावशीकडे चिंताच चिंता.

आम्ही सुरुवात मुंग्यांपासून केली.

थोडी पार्श्वभूमी. १९९५ मध्ये 'टॉय स्टोरी' आला, पूर्ण लांबीचा पहिला कॉम्प्युटर अ‍ॅनिमेटेड सिनेमा. बनवला पिक्सारने, वितरण डिस्नेचं. त्याच्या आदल्याच वर्षी डिस्नेच्या फिल्म विभागाचा प्रमुख जेफ्री कॅट्झेनबर्ग तिथून बाहेर पडला होता आणि स्टीव्हन स्पीलबर्ग, डेव्हिड गेफन यांच्यासोबत त्याने ड्रीमवर्क्स उभं केलं होतं. मग १९९८ उजाडलं. ऑक्टोबरमध्ये ड्रीमवर्क्सचा 'अँट्झ' आला आणि नोव्हेंबरमध्ये पिक्सारचा 'अ बग्ज लाइफ'. दोन्हींचा हिरो वारुळात न बसणारी एक मुंगी! पिक्सारच्या जॉन लॅसेटरचं म्हणणं, कल्पना मीच विश्वासाने कॅट्झेनबर्गला सांगितली होती. कॅट्झेनबर्गचं म्हणणं, आमची कल्पना आमचीच. आपल्याकडे दोन मंडळांनी एकाच वर्षी सेम देखावा केला की जे होतं, तेच.

आम्ही दोन्ही सिनेमे एका रात्रीत लागोपाठ पाहिले. 'अँट्झ'ची सुरुवातच एक मुंगी मानसोपचारतज्ज्ञाकडे आडवी पडून गाऱ्हाणी सांगतेय अशी होते. आवाज वुडी अ‍ॅलनचा. सिनेमा तपकिरी, अंधारा आणि जरा भांडखोर आहे. मुलांसाठी कमी आणि ऑफिसात पिचलेल्या मोठ्यांसाठी जास्त. 'अ बग्ज लाइफ' मात्र उघड्यावरचा. पानातून झिरपणारं ऊन बघा! त्यासाठी पिक्सारवाल्यांनी छोटासा कॅमेरा जमिनीलगत गवतात फिरवून मुंगीच्या उंचीवरून जग कसं दिसतं याचा अभ्यास केला होता. तिकीटबारीवर पिक्सारने जवळजवळ दुप्पट कमावले. तरीही मला 'अँट्झ'च जास्त लक्षात राहिला. दादा म्हणाला, ''तू लेखक बघतेस, मी प्रकाश बघतो.'' म्हणजे स्कोअर एक-एक.

पिक्सारची ताकद काय, तर गोष्ट पुन्हा पुन्हा मोडायची तयारी. त्यांच्याकडे सिनेमा आधी रेखाटनांमध्ये पूर्ण रचतात, तात्पुरते आवाज लावून तो बघतात. मग दिग्दर्शक-लेखकांचा एक गट, ज्याला ते 'ब्रेनट्रस्ट' म्हणतात, तो कुठे कंटाळा आला, कुठे खोटं वाटलं हे तोंडावर सांगतो. ऐकायचं की नाही हे दिग्दर्शकाच्या हातात. ऐकायला फार छान वाटतं ना? आता 'टॉय स्टोरी २'ची गोष्ट ऐका.

१९९८ मध्ये या सिनेमाचं काम चालू असताना कुणीतरी सर्व्हरवर चुकीची कमांड दिली आणि फाइल्स भराभर उडायला लागल्या. लोकांच्या डोळ्यांदेखत वुडी गायब. जवळजवळ नव्वद टक्के सिनेमा गेला. बॅकअप बघितला, तर तोही नीट चालत नव्हता. वाचवलं कुणी? गॅलिन ससमन नावाच्या टेक्निकल डायरेक्टरने. तिला नुकतंच बाळ झालं होतं, म्हणून ती घरून काम करत होती आणि तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर सिनेमाची प्रत होती. तो कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळलेल्या बाळासारखा सांभाळून गाडीतून ऑफिसात आणला गेला.

हा किस्सा यूट्यूबवर तुम्ही पाहिलाही असेल. त्याच्या पुढचा भाग मात्र सहसा कुणी सांगत नाही. इतक्या मेहनतीने वाचवलेला सिनेमा नंतर पिक्सारच्या लोकांनाच आवडला नाही. रिलीजची तारीख हलणार नव्हती. मग जवळपास नऊ महिन्यांत तो नव्याने बनवला गेला. सिनेमा अप्रतिम झाला, पहिल्याहून भारी म्हणणारे कित्येक आहेत. पण पिक्सारचे सहसंस्थापक एड कॅटमल यांनी स्वतः आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की काम संपेपर्यंत तिथल्या एक तृतीयांश लोकांना हाता-मनगटाची दुखणी जडली होती. आणि त्या काळात कामाने पार थकलेला एक आर्टिस्ट सकाळी बाळाला पाळणाघरात सोडायला विसरला. बाळ पार्किंगमधल्या तापलेल्या गाडीतच राहिलं. बायकोने विचारलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. धावत गेले, तर बाळ बेशुद्ध. गार पाणी ओतलं आणि नशिबाने ते वाचलं.

हे मी दादाला वाचून दाखवलं तेव्हा तो काही बोलला नाही. त्याने नुसतं उजवं मनगट गोल गोल फिरवलं. कटकट असा आवाज येतो त्यातून.

आता पिक्सारच्या उणिवा. एक तर साचा. एकमेकांशी न पटणारे दोघं घरापासून लांब हरवतात आणि परत येईपर्यंत त्यांचं पटतं. वुडी-बझ, मार्लिन-डोरी, कार्ल-रसेल, जॉय-सॅडनेस. खरं सांगा, जुळतंय की नाही? दुसरं म्हणजे खर्च. सिनेमाला वीस-वीस कोटी डॉलर लागले की धोका पत्करायची हिंमत आटते, मग सीक्वेल येतात. 'सोल', 'लुका', 'टर्निंग रेड' हे नवे सिनेमे साथीच्या काळात थेट ओटीटीवर टाकले गेले आणि घरी बसून बघायची सवय आपणच लावून घेतली. 'इनसाइड आउट २'ने २०२४ मध्ये दीड अब्जाहून जास्त डॉलर कमावले. पुढच्याच वर्षी 'एलिओ' ही नवीकोरी गोष्ट आली आणि पिक्सारच्या इतिहासातली सगळ्यात कमी ओपनिंग घेऊन गेली. आम्ही ग्रुपमधल्या नऊ जणांनी 'एलिओ' थिएटरात पाहिला का? शून्य. मग 'पिक्सार आता ओरिजिनल काही करत नाही' असं म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

ड्रीमवर्क्सचं बळ म्हणजे आगाऊपणा. 'श्रेक' आठवा. परीकथेचं पान फाडून शौचालयात वापरणारा हिरो! त्यातला बुटका लॉर्ड फार्क्वाड म्हणजे डिस्नेच्या तेव्हाच्या बॉसवर काढलेला राग, असं तेव्हापासून बोललं जातं. असंही सांगतात की स्टुडिओत 'श्रेक'वर बदली म्हणजे शिक्षा समजायचे. आणि तोच 'श्रेक' २००२ मध्ये सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं पहिलंवहिलं ऑस्कर घेऊन गेला, तेही पिक्सारच्या 'मॉन्स्टर्स इंक'ला हरवून! त्या 'मॉन्स्टर्स'मध्ये सलीच्या अंगावरचे सुमारे तेवीस लाख केस हलवायला नवं सॉफ्टवेअर बनवलं होतं. केसांवर विनोदाने मात केली, असं म्हणूया.

पण आगाऊपणा शिळा होतो. त्या-त्या वर्षीच्या गाण्यांवरचे, स्टार्सवरचे जोक दहा वर्षांनी कुणालाच कळत नाहीत. नंतर तर प्रत्येक पोस्टरवर एक भुवई वर केलेलं पात्र, याचंही मीम झालं. ड्रीमवर्क्सचं काही खरं नसतं, असं मी म्हणेन. एका वर्षी 'द बॉस बेबी', तर कधी अचानक 'पुस इन बूट्स: द लास्ट विश'. त्यातला तो लांडगा आणि त्याची शिट्टी! मारामारीत मुद्दाम कमी फ्रेम्स, रंग ब्रशने फासल्यासारखे. दादाने तो सीन सहा वेळा मागे नेला.

आणि हे 'स्टुडिओची स्टाइल' प्रकरण किती पोकळ आहे तेही बघा. ख्रिस सँडर्स हा डिस्नेचा माणूस, 'लिलो अँड स्टिच'चा सहदिग्दर्शक. पुढच्या सिनेमावरून डिस्नेने त्याला काढलं. तो ड्रीमवर्क्सला गेला आणि डीन डेब्लॉइसबरोबर ड्रॅगन बनवला. २०२४ चा 'द वाइल्ड रोबोट'ही त्याचाच. तेव्हा आपण लोगोसाठी भांडतो, पण रडवणारा माणूस एका लोगोकडून दुसऱ्याकडे गेलेला असतो.

इल्युमिनेशनबद्दल थोडक्यात. मिनियन्सवाले. २०१० मध्ये 'टॉय स्टोरी ३'ला सुमारे वीस कोटी डॉलर लागले, तर त्यांच्या 'डेस्पिकेबल मी'ला सात. अ‍ॅनिमेशनचं काम पॅरिसमध्ये, खर्च आटोपशीर, गोष्ट साधी, टायमिंग झक्कास. २०१५ च्या 'मिनियन्स'ने अब्ज डॉलरचा आकडा पार केला. थिएटरातून बाहेर आल्यावर त्यातलं काय आठवतं? मला तरी केळं. पण माझी सहा वर्षांची भाची या मुद्द्यावर माझ्याशी बोलत नाहीये.

आणि सोनी. सध्या कॉलेजात सगळ्यात जास्त फॅन यांचेच असतील. २०१८ च्या 'स्पायडर-व्हर्स'ने अ‍ॅनिमेशन खऱ्यासारखं दिसलंच पाहिजे ही समजूत मोडली. सुरुवातीला माइल्सची हालचाल दर दुसऱ्या फ्रेमला बदलते आणि अनुभवी पीटरची दर फ्रेमला, म्हणून शेजारी-शेजारी पळतानाही माइल्स नवशिका वाटतो. हे मला दादाने दाखवलं, नाहीतर आयुष्यात कळलं नसतं. २०२३ च्या दुसऱ्या भागात मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून 'मुंबटन' उभारलं आणि तो भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. पण त्याच सिनेमाबद्दल अमेरिकन पत्रकारांनी छापलं, की सततच्या बदलांना आणि जादा तासांना कंटाळून सुमारे शंभर आर्टिस्ट काम सोडून गेले. स्टुडिओच्या बाजूने सांगितलं गेलं की इतक्या मोठ्या सिनेमात असे बदल होतच असतात.

स्कोअरकार्ड बनवून लेख संपवायचा, असा माझा प्लॅन होता. स्टोरी दहा पैकी इतके, लुक इतके. तेवढ्यात दादा म्हणाला, ''तुझ्या टेबलात पगाराचा कॉलम आहे का?''

नव्हता. म्हणून शोधलं. २०१४ मध्ये अमेरिकेत अ‍ॅनिमेशन कामगारांनी खटला भरला होता. आरोप असा, की या स्टुडिओंनी एकमेकांची माणसं पळवायची नाहीत असं आपसात ठरवून पगार वाढू दिले नाहीत. यादीत कोण? पिक्सार, डिस्ने, ड्रीमवर्क्स, सोनी, 'आइस एज'वाला ब्लू स्काय. म्हणजे ज्यांच्या नावाने आम्ही कॅन्टीनमध्ये चहा थंड करतो ते सगळे! निकालापर्यंत प्रकरण गेलंच नाही; कंपन्यांनी तडजोड केली आणि सगळ्यांची मिळून जवळपास सतरा कोटी डॉलर रक्कम दिली. पडद्यावर एकमेकांच्या मुंग्या चिरडत होते आणि पडद्यामागे, आरोप खरा मानला तर, एकाच वारुळात होते.

गॅलिन ससमनचं पुढे काय झालं, तेही सांगते. ती पिक्सारमध्येच राहिली, निर्माती झाली. 'लाइटइयर' तिने केला, तो चालला नाही. २०२३ मध्ये पिक्सारने ७५ जणांना कमी केलं, त्यात ती होती.

दादाला आता एका कोचिंग क्लासने व्हिडिओ एडिटिंगसाठी बोलावलंय. मावशी म्हणते, घे, निदान महिन्याच्या महिन्याला पैसे येतील. तो म्हणतो, बघू. रात्री मात्र ब्लेंडर उघडून बसतो. लॅटव्हियाच्या 'फ्लो' सिनेमाने २०२५ मध्ये पिक्सार आणि ड्रीमवर्क्स दोघांना मागे टाकून ऑस्कर नेलं, तो ज्या फुकटच्या सॉफ्टवेअरवर बनला, तेच हे. दादा त्यात एक मांजर चालवायचा प्रयत्न करतोय. मागचे पाय अजून जमत नाहीत.

शेवटच्या दिवशी आम्ही 'टॉय स्टोरी' पाहिला. संपल्यावर मी सवयीने लॅपटॉप मिटायला गेले तर तो म्हणाला, ''थांब ना.'' नावं वर सरकत राहिली. त्याने चार वर्षांत अकरा सिनेमांवर काम केलं, त्यातल्या दोनच सिनेमांत त्याचं नाव आलंय. तेवढ्यात एक छोटी यादी आली. सिनेमा बनत असताना तिथल्या लोकांना जी बाळं झाली, त्यांची नावं. पिक्सार ती दर सिनेमात देतं.

''बघ,'' दादा म्हणाला, ''बाळांचीसुद्धा नावं दिलीत.'' आणि मांजराचे पाय बघायला पुन्हा ब्लेंडर उघडलं.