रेनो आरएस-०१ : फॉर्म्युला वनमधील पहिली टर्बो मोटार

मनमाड-परभणी लोहमार्गावर वर्षानुवर्षे धावलेली आल्को घराण्याची डिझेल इंजिने असोत वा मराठवाड्यातील आजचे मालट्रक, त्यांतील टर्बोचार्जरचे तत्त्व एकच असते : सिलिंडरांतून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराच्या जोराने एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते, आणि अधिक हवेबरोबर अधिक इंधन जाळता येत असल्याने लहान इंजिनही मोठी शक्ती देते. क्षणोक्षणी वेग बदलणाऱ्या शर्यतीच्या पेट्रोल मोटारीत मात्र हे तंत्र रुजवणे कठीण होते. फॉर्म्युला वनमध्ये ते काम फ्रान्सच्या रेनो कंपनीने प्रथम अंगावर घेतले.

१९६६च्या नियमांनुसार साधे इंजिन ३ लिटरचे, तर दाबाने हवा भरणारे १.५ लिटरचेच असावे लागे, त्यामुळे दशकभर दुसऱ्या पर्यायाकडे कोणी वळले नाही. ल मां शर्यतीसाठी २ लिटरचे सहा सिलिंडरी टर्बो इंजिन घडवणाऱ्या रेनोच्या अभियंत्यांनी त्याची क्षमता १,४९२ घन सेंटिमीटरपर्यंत उतरवली, आणि १६ जुलै १९७७ रोजी ज्याँ-पिएर जाबुई यांनी सिल्व्हरस्टोनच्या ब्रिटिश ग्रांप्रीत आरएस-०१ उतरवली. टर्बो निकामी झाल्याने ती शर्यत अर्धवट राहिली. पुढेही ही पिवळी मोटार वारंवार पांढरा धूर सोडत थांबू लागली, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी तिला ‘पिवळी किटली’ म्हणून हिणवले.

अडचणी मुख्यतः दोन होत्या. दाबलेली हवा तापते, तापल्याने विरळ होते, आणि सिलिंडरातील इंधन अवेळी पेटून दट्ट्यांना इजा पोहोचते. म्हणून ती इंटरकूलर नावाच्या शीतकातून थंड करून आत सोडावी लागते. दुसरी अडचण विलंबाची, म्हणजे टर्बो लॅगची : वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की धुराचा जोर ओसरून चक्र मंदावते, आणि पाय पुन्हा दाबल्यावर ते वेग घेईपर्यंत शक्ती मिळत नाही, त्यामुळे चालकाला वळण संपण्याआधीच पाय दाबावा लागे. १९७९मध्ये एका मोठ्या टर्बोऐवजी तीन-तीन सिलिंडरांच्या दोन्ही ओळींना एकेक लहान टर्बो जोडण्यात आला; हलकी चक्रे लवकर वेग घेत असल्याने हा विलंब घटला.

त्याच वर्षी समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचीवरील कायालामी येथे, जिथे विरळ हवेने साध्या इंजिनांची शक्ती घटते पण टर्बो ती उणीव भरून काढतो, जाबुई यांनी रेनोला पहिले अग्रस्थान मिळवून दिले. आणि १ जुलै रोजी दिजाँ येथे याच मालिकेतील आरएस-१० मोटारीने फॉर्म्युला वनमधील टर्बोचा पहिला विजय नोंदवला.

टर्बोच्या या पहिल्या पर्वात चालकाचे विश्वविजेतेपद मात्र रेनोला लाभले नाही. १९८३मध्ये त्यांच्या ॲलन प्रोस्टना बीएमडब्ल्यूच्या टर्बो इंजिनावर धावणाऱ्या नेल्सन पिके यांनी अवघ्या २ गुणांनी मागे टाकले. टर्बोची वाढती शक्ती आवरण्यासाठी १९८८नंतर त्यावर बंदी आली आणि २०१४मध्ये १.६ लिटरच्या इंजिनांसह तो परतला. चषक इतरांनी नेले, तरी टर्बोची वाट फॉर्म्युला वनमध्ये पाडली ती रेनोनेच.