अकरावीच्या मुलांना विद्यापीठ दाखवायला नेताना



"सर, तिथं फुटबॉलचं ग्राउंड आहे का?" नागपूर विद्यापीठ बघायला जायचं म्हटल्यावर वर्गातून आलेला हा पहिला प्रश्न. कोर्स कोणते, फी किती, हे कोणी विचारलंच नाही. मला जरा रागच आला. नंतर वाटलं, पोरगं परक्या गावात ओळखीचं काहीतरी शोधतंय. घरी माडिया बोलणाऱ्या मुलाला ऑफिसच्या खिडकीशी बोलताना घाम फुटतो, पण बॉल पायात आला की भाषेचं अडत नाही.

आणि नागपूर तसं फुटबॉलचं गाव आहेच. शेजारच्या कामठीचा रब्बानी क्लब प्रसिद्ध आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला, त्यावरूनच २०२२ चा 'झुंड' आला. तो बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो. तेव्हा सहलीची सुरुवात मैदानापासून करायला हरकत नाही. विद्यापीठाचं मैदान रवीनगरला आहे, मुख्य परिसर अमरावती रोडवर.

मैदानावर नुसते फोटो काढू नका. मुलांना साखळी समजावून सांगा : आधी कॉलेजचा संघ, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि पुढे अखिल भारतीय. म्हणजे आधी कॉलेजात प्रवेश हवा आणि परीक्षेचा फॉर्म भरलेला हवा. निवड चाचणी कधी असते, बूट कोण देतं, सराव किती वाजता, हे मुलांनी स्वतः क्रीडा संचालकांना विचारावं. आपण मागे उभं राहायचं.

आता तारखेचं. आमची पहिली सहल मी रविवारी ठेवली. चूक माझीच. गेट बंद, ऑफिस बंद, मुलांनी भिंत बघितली आणि परत आलो. कामाचाच दिवस धरा, आणि आधी पत्र देऊन परवानगी घ्या. पावसाळ्यात ठरवूच नका. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची पोरं तिकडेच अडकतात. मार्चपासून मोहफूल, पुढे तेंदूपत्ता, तेव्हा घरी हात लागतात. बारावीला फेब्रुवारीत परीक्षा. म्हणून अकरावीची मुलं आणि जानेवारी महिना, हे मला सगळ्यात सोयीचं वाटतं. गडचिरोलीहून नागपूर साधारण १७० किलोमीटर, म्हणजे पहाटे निघावं लागतं. सिरोंच्याच्या मुलांना एक मुक्काम धराच. एसटी आगारात सहलीच्या सवलतीची चौकशी करून ठेवा.

सोबत दोन-तीन पालक न्या, हे मी आग्रहाने सांगतो. एका आईने मला परिसरात उभं राहून विचारलं, "सर, सगळं बेस आहे, पण पोरीनं राहाचं कुठं?" खरा प्रश्न हाच होता. मोठी इमारत बघून मुलं खूश होतात, आणि जूनमध्ये राहण्याची सोय नाही म्हणून घरीच बसतात. त्यामुळे आदिवासी विकास विभागाचं शासकीय वसतिगृह सहलीतच दाखवा, खोली, मेस, संडास सगळं. तिथे जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेत राहण्या-जेवण्यासाठी पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतात. त्याची माहिती गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर किंवा चिमूरच्या प्रकल्प कार्यालयात मिळते. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मात्र सहलीहून परत आल्याबरोबर करायला लावा.

आणखी एक. नागपूर म्हणजेच विद्यापीठ, असं मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका. नागपूर विद्यापीठ १९२३ चं; आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं २०११ पर्यंत त्याच्याशीच जोडलेली होती. त्या वर्षी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं. आम्ही आता आधी तेच दाखवतो. लहान आहे, पण ओळखीचं माणूस भेटतं, आणि नागपूरला काय विचारायचं ते इथेच कळतं. मागच्या खेपेला मुलांनी वहीत प्रश्न लिहून आणले होते. ग्राउंडचा होताच, पण तो चौथा होता. पहिला होता, "मेसचे पैसे महिन्याला किती?"