तुळईवरची धूळ

पौष सरत आला की लातूरच्या बाजार समितीच्या आवारात नव्या तुरीची आवक वाढू लागते, आडतींवर सौदे निघतात, हमालांच्या पाठीवरून पोती डाळ मिलच्या दारात जाऊन पडतात, आणि तेथून पुढे उन्हाळा संपेपर्यंत तूर चाळणे, रोलवर घासणे, तेलपाणी लावून उन्हात वाळवणे, पुन्हा घासणे, भरडणे आणि डाळीला झळाळी आणणे हा उद्योग अखंड चालू राहतो. डाळ, चुणी आणि टरफल ही या उद्योगाची तीन उत्पन्ने मालकाच्या खतावणीत रीतसर नोंदली जातात. चौथे मात्र कोणत्याही दप्तरात चढत नाही. ते म्हणजे धूळ. एलिव्हेटरच्या सांध्यांतून आणि चाळण्यांच्या कडांतून ती अहोरात्र निसटते, वर चढते आणि तुळयांवर, पत्र्याखालच्या कैच्यांवर, विजेच्या नळ्यांवर निवांत बसून राहते. शिडी लावून अशा तुळईवर बोट फिरवले, तर पिवळसर, गव्हाच्या पिठाहूनही मऊ अशी भुकटी बोटाला लागते आणि मागे ठळक चर उमटतो. तो चर जितका खोल, तितका त्या इमारतीतील माणसांच्या जिवाला धोका अधिक, हे मला आज सांगावयाचे आहे.

धुळीने खोकला होतो, दमा जडतो, हे सर्वांस ठाऊक आहे. तीच धूळ भिंती उडवू शकते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. वस्तुतः यात अद्भुत असे काही नाही. धान्य, बेसन, साखर, हळद यांतून जी ऊर्जा आपल्या शरीरास मिळते, तीच ज्वालेसही मिळू शकते. प्रश्न केवळ वेगाचा असतो. बाभळीचा ओंडका चुलीत तासभर जळतो आणि त्याच ओंडक्याचा भुसा निखाऱ्यावर भिरकावला तर क्षणात भडकतो, कारण पदार्थ जितका सूक्ष्म, तितका त्याचा पृष्ठभाग मोठा आणि प्राणवायूशी त्याचा संयोग त्वरित. अशी सूक्ष्म, कोरडी धूळ हवेत पुरेशा दाटपणे तरंगू लागली, तिला ठिणगी मिळाली आणि हे सारे बंदिस्त जागेत घडले, म्हणजे तापून फुगलेल्या वायूंना वाट उरत नाही आणि स्फोट होतो.

पुरेशा दाटपणे म्हणजे किती? पीठ आणि साखर यांच्या धुळीच्या बाबतीत ही मर्यादा सामान्यतः एका घनमीटरास ५० ते ६० ग्रॅमांच्या आसपास असते. आता हिशेब करून पाहावा. ५ मीटर उंचीच्या दालनात जमिनीवर आणि तुळयांवर मिळून सरासरी १ मिलिमीटर जाडीचा थर आहे असे धरले, तर प्रत्येक चौरस मीटरावर १ लिटर धूळ झाली; तिचे वजन अर्धा किलो मानले आणि धक्क्याने ती सर्व हवेत उधळली, तर प्रत्येक घनमीटरात १०० ग्रॅम धूळ तरंगू लागेल. म्हणजे ज्या थराकडे पाहून मुकादम ‘आज राहू द्या, उद्या झाडू’ असे म्हणतो, तो मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे.

ही विद्या नवी नाही. इटलीतील तुरीन शहरात १४ डिसेंबर १७८५ रोजी एका बेकरीच्या पिठाच्या कोठारात स्फोट झाला. वरच्या खोलीतून खाली लोटलेल्या पिठाचा ढग दिव्याने पेटला होता. मोरोत्सो नावाच्या सरदाराने त्याचा वृत्तान्त लिहिताना हेही नमूद केले की त्या प्रांतात कित्येक महिने पाऊस झाला नव्हता व पीठ विलक्षण कोरडे होते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी ज्या शहरात आणावे लागले, त्या लातूरच्या गिरणीमालकांनी या नोंदीकडे दुर्लक्ष करू नये. वैशाखातील हवेत धूळ ओलावा धरीत नाही आणि सहज पेटते.

परंतु या विषयातील सर्वांत दारुण पाठ साखरेने दिला आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ येथे इंपीरियल शुगर कंपनीच्या कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ च्या संध्याकाळी स्फोट होऊन १४ कामगार मृत्युमुखी पडले आणि ३६ जखमी झाले. साखरेच्या उंच कोठ्यांखालच्या बोगद्यातून एक पट्टा साखर वाहून नेत असे. साखरेत कचरा पडू नये या सद्हेतूने २००७ साली त्या पट्ट्याभोवती पोलादी आवरण घातले गेले, पण आतली धूळ खेचून घेण्याची वा दाब बाहेर सोडण्याची तजवीज केली गेली नाही. बहुधा तापलेल्या एखाद्या बेअरिंगने त्या बंदिस्त धुळीस पेट दिला. हा पहिला स्फोट एवढ्यावरच थांबता, तर हानी मर्यादित राहती. परंतु त्याच्या हादऱ्याने पॅकिंगच्या इमारतींतील तुळयांवर आणि यंत्रांवर साचलेली धूळ खाली आली, ती पेटली, तिच्या हादऱ्याने पुढच्या मजल्यावरची आली, आणि असे एकामागून एक स्फोट होत गेले. चौकशीत १९६७ सालचा पत्रव्यवहार सापडला, त्यात साखरेच्या धुळीच्या स्फोटाची भीती त्या कारखान्याच्याच अधिकाऱ्यांनी व्यक्त केली होती. चाळीस वर्षे ती भीती दप्तरात पडून राहिली. मला या सर्व हकिकतीत याहून व्यथित करणारे काही वाटत नाही.

आपल्या दारापासूनही हे दूर नाही. लातूरच्या शेजारचा बीदर जिल्हा ओलांडला की संगारेड्डी लागतो; तेथील पाशमैलारम औद्योगिक वसाहतीत ३० जून २०२५ रोजी सेल्युलोजची बारीक भुकटी तयार करणाऱ्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक कामगार प्राणास मुकले. नांदेडकडे हळद दळली जाते, लातुरात बेसन आणि पशुखाद्य तयार होते, मांजरेच्या काठी साखर कारखान्यांचे ड्रायर आणि ग्रेडर हंगामभर फिरत असतात. धूळ सर्वत्र आहे.

उपायांत मी सफाईस पहिला मान देतो. आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रे पुसून, त्यांस हळदकुंकू वाहून, झेंडूच्या माळा घालण्याची सुंदर रीत आहे. तुळयांच्या वाट्यालाही बहुतेक ठिकाणी वर्षातून तेवढाच एक दिवस येतो. तो आठवड्याचा नेम व्हावा, त्यासाठी स्वतंत्र माणूस, स्वतंत्र मजुरी आणि स्वतंत्र नोंदवही असावी, आणि त्या मजुरीस निरुत्पादक खर्च समजण्याची चाल बंद व्हावी. झाडण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. कॉम्प्रेसरच्या नळीने फुंकर मारून धूळ उडवणे हे सर्वांत सोपे म्हणून सर्वत्र रूढ आहे, आणि नेमके तेच घातक आहे, कारण जो ढग टाळायचा तोच आपण आपल्या हाताने निर्माण करतो. यंत्रे थांबवून, वरून खाली, धुळीसाठी योग्य अशा व्हॅक्यूमने किंवा निदान हलक्या हाताने मऊ झाडूने धूळ काढावी.

यानंतर ठिणगीचा बंदोबस्त. पोत्यातून येणारा खिळा चुंबकाने अडवावा, एलिव्हेटरचा पट्टा सरकून घासू देऊ नये, बेअरिंगला वेळच्या वेळी ग्रीस द्यावे, अर्थिंग तपासावे. धुमसणाऱ्या पिठाच्या ढिगावर पाण्याचा जोराचा फवारा मारू नये. धूळ उसळून स्फोट होतो. धूळ गोळा करणारे सायक्लोन आणि पिशव्या इमारतीबाहेर असाव्यात, व दाब सुटण्याची झडप माणसांच्या वाटेकडे तोंड करून नसावी.

कायद्याने हे फार पूर्वी सांगून ठेवले आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील ३७ व्या कलमाने यंत्रे बंदिस्त करणे, धूळ साचू न देणे आणि ठिणगीची सर्व कारणे दूर ठेवणे ही तिन्ही कर्तव्ये मालकावर घातली. लहान गिरण्या कामगारसंख्येच्या अटीमुळे अशा कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात, पण धूळ हजेरीपट पाहून पेटत नाही. औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचा निरीक्षक तपासणीस आला म्हणजे त्याने कचेरीतील कागद मागण्यापूर्वी शिडी मागावी, अशी माझी विनंती आहे.

त्याच कलमाने ज्वालाग्राही पदार्थ असलेल्या यंत्रास तो पदार्थ काढल्यावाचून वेल्डिंग करण्यास मनाई केली होती, आणि आपल्याकडे खरी ढिलाई येथे होते. हंगाम संपून दुरुस्तीस गिरणी थांबली की बाहेरून वेल्डर बोलावला जातो. एलिव्हेटरच्या तळाशी वीतभर चुणी साचलेली आहे, हे त्या बिचाऱ्यास कोणी सांगत नाही. यासाठी लेखी परवाना असावा. तळ रिकामा करून पुसला, आसपासची धूळ झाडून काढली, पुढच्या नळीचे तोंड ओल्या पोत्याने बंद केले, हे मुकादमाने स्वतः पाहून सही करावी, आणि काम आटोपल्यावरही निदान तासभर एक माणूस पाण्याची बादली घेऊन तेथे बसवावा.