निळ्या चिखलाचा कस

१८५९चा जून. अमेरिकेतल्या सिएरा नेव्हाडा डोंगरांच्या पूर्वेला, सिक्स माइल कॅन्यनच्या माथ्याशी पीटर ओ'रायली आणि पॅट्रिक मॅक्लॉफ्लिन हे दोन आयरिश मजूर खड्डा खणत होते. सोनं शोधायला नव्हे, पाणी साठवायला. सोन्याची माती धुवायची तर लाकडी पेटी पाळण्यासारखी डोलवावी लागते, आणि त्या उजाड डोंगरात पाण्याचा थेंब महाग. निघालेली माती वाया कशाला घालवा म्हणून त्यांनी पेटीत टाकली, तर तळाशी पिवळे कण चमकले.

तेवढ्यात हेन्री कॉमस्टॉक तिथे उगवला. बोलघेवडा आणि आळशी अशी त्याची ख्याती. जमीन माझी, पाणी माझं, असं त्याने दोघांना ठणकावलं म्हणतात. कागद कुणी पाहिला नाही, पण भांडत बसण्यापेक्षा वाटा दिलेला बरा म्हणून त्या दोघांनी त्याला भागीदार करून घेतलं. त्याने मात्र बडबडीच्या जोरावर खाणीला स्वतःचं नाव चिकटवलं. कॉमस्टॉक लोड, म्हणजे कॉमस्टॉकची खनिजशीर, हे नाव आजही भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात आहे.

आता खरी गंमत. खड्डा जसजसा खोल जाई तसतसा एक निळसर-काळा, जडशीळ चिखल वर येई. पेटीत तो तुंबे आणि सोनं सुटू देत नसे. मजूर त्याला शिव्या घालत आणि उचलून उतारावर फेकून देत. सोनंही फिकट निघे, त्याला भाव कमी मिळे. फिकट का, हा प्रश्न तिथे कुणाला पडला नाही. उत्तर मात्र पायाशी ढिगाने पडलं होतं.

त्या चिखलाचे काही गोळे कुणीतरी कुतूहलापोटी डोंगर ओलांडून कॅलिफोर्नियात नेले. तिथल्या पारख्यांनी ते भाजून, वितळवून, तोलून कस काढला: टनामागे ८७६ डॉलरचं सोनं आणि सुमारे ३,००० डॉलरची चांदी! बातमी गुप्त ठेवायचं ठरलं. अर्थात ती टिकली नाही. थोड्याच दिवसांत कॅलिफोर्नियातून माणसांची रीघ डोंगरापलीकडे लागली.

माझ्या मते कॉमस्टॉक लोडचा शोध लागला तो त्या भट्टीपाशी, खड्ड्यापाशी नव्हे. खड्ड्याशी असलेल्यांनी तर तो चिखल फेकूनच दिला होता. ज्यांना दोन वर्षं आधीच सुगावा लागला होता, त्या होझिया आणि ॲलन या ग्रॉश बंधूंनी वडिलांना पत्रांतून चांदीबद्दल कळवलंही होतं. पण १८५७ मध्ये होझियाच्या पायात कुदळ लागली आणि जखम चिघळून तो गेला. ॲलन हिवाळ्यात सिएरा ओलांडताना हिमदंशाने मेला.

बाकीच्यांचं काय झालं? मॅक्लॉफ्लिनने आपला वाटा ३,५०० डॉलरला विकला. कॉमस्टॉकला सुमारे ११ हजार मिळाले. तेही उडाले आणि १८७० मध्ये त्याने मोंटानात स्वतःवर गोळी झाडली. ओ'रायली वेड्यांच्या इस्पितळात मेला. मऊ खडक कोसळू नये म्हणून लाकडी चौकटींचा घनाकार सांगाडा १८६० मध्ये बसवून दाखवणाऱ्या फिलिप डायडेसहायमर या जर्मन इंजिनिअरने तर आपल्या युक्तीचं पेटंटही घेतलं नाही. कोट्यधीश झाले ते मागून आलेले.

खड्ड्याच्या आसपास व्हर्जिनिया सिटी वसलं. भरात असताना तिथे सुमारे २५ हजार माणसं होती. खाली खाणीत इतकं गरम पाणी लागे की अंगावर पडलं तर माणूस भाजून निघे. वर 'टेरिटोरियल एंटरप्राइज' या वर्तमानपत्रात सॅम्युअल क्लेमेन्स नावाचा तरुण बातम्या लिही. मार्क ट्वेन हे टोपणनाव त्याने तिथेच, १८६३ मध्ये घेतलं. १८६४ मध्ये नेव्हाडाला राज्याचा दर्जा द्यायची इतकी घाई होती की अख्खी राज्यघटना तारेने वॉशिंग्टनला पाठवावी लागली. ३१ ऑक्टोबरला राज्य झालं, लिंकन यांच्या फेरनिवडणुकीच्या आठ दिवस आधी.

या चकाकीची किंमत पाइउट आणि वाशो या तिथल्या मूळ रहिवाशांनी मोजली. चिलगोज्यासारख्या बिया देणारी पिन्यन पाइनची झाडं हे त्यांचं हिवाळ्याचं अन्न. ती सरपणासाठी सपाट झाली. चांदी वेगळी करायला वापरलेला हजारो टन पारा कार्सन नदीच्या गाळात उतरला. तो अजून तिथेच आहे, आणि तिथले मासे खाऊ नका असं सरकार आजही सांगतं.

नेव्हाडा स्वतःला 'रुपेरी राज्य' म्हणवतं, पण आता निघतं ते मुख्यतः सोनं, तेही डोळ्यांना न दिसणारं. १९६१ मध्ये जॉन लिव्हरमोर आणि ॲलन कूप या भूवैज्ञानिकांना कार्लिन गावाजवळच्या साध्या राखाडी खडकात ते सापडलं. कण इतके सूक्ष्म की पाण्यात धुऊन हाती काहीच लागू नये. म्हणून पिढ्यान् पिढ्या माणसं त्यावरून चालत गेली. इथेही निकाल दिला तो प्रयोगशाळेतल्या कसाने. आज अमेरिकेतल्या सोन्याचा बहुतांश भाग नेव्हाडातून येतो. व्हर्जिनिया सिटीत हजारभरही माणसं उरलेली नाहीत, पण त्याच स्टोरी काउंटीत टेस्लाचा बॅटरीचा प्रचंड कारखाना उभा आहे. उत्तरेला थॅकर पासला लिथियमची खाण खोदली जाते आहे, आणि स्थानिक पाइउट-शोशोनी लोकांपैकी अनेकांचा तिला विरोध आहे.

या गोष्टीतला खरा धूर्त माणूस मात्र मला विल्यम स्ट्यूअर्ट वाटतो. कॉमस्टॉकच्या शिरा नेमक्या कुणाच्या, यावर खाणमालकांचे खटले लढवून तो श्रीमंत झाला, नेव्हाडाचा सिनेटर झाला आणि अमेरिकेच्या खाणकायद्याला आकार देणाऱ्यांत पुढे राहिला. १८७२चा तो कायदा अजून लागू आहे. नेव्हाडाची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे, आणि त्या जमिनीतून या कायद्याखाली निघणाऱ्या सोन्याचांदीवर केंद्र सरकार आजही एक डॉलरचंसुद्धा स्वामित्वधन घेत नाही.