पत्ते दोन, फाइल एकच?

हार्ड डिस्क भरत आली की अनेक जण डुप्लिकेट फोटो शोधून देणारा प्रोग्रॅम चालवतात. दोन ठिकाणी तोच फोटो सापडला की एक पुसायचा, जागा मोकळी. पण ती दोन ठिकाणं म्हणजे एकाच फाइलकडे जाणारे दोन रस्ते असतील तर? मग जादा प्रत समजून एकुलता एक मूळ फोटोच पुसला जाऊ शकतो. म्हणून असा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधी एक वेगळाच प्रश्न सोडवावा लागतो: या खरोखर दोन प्रती आहेत, की एकाच फाइलचे दोन पत्ते?

दोन्ही पत्ते अक्षर-अक्षर ताडून पाहणं हा चटकन सुचणारा उपाय. तो फसवा आहे. सर्व्हरवरची एकच एक्सेल फाइल ऑफिसात कुणी 'झेड' ड्राइव्हमधून उघडतं, तर कुणी सर्व्हरचं पूर्ण नाव टाइप करून. विंडोजमध्ये लांब नावाच्या फोल्डरला जुन्या पद्धतीचं आठ अक्षरांपर्यंतचं आखूड नावही असू शकतं. लिनक्स आणि मॅकवर सिम्बॉलिक लिंक असते. तिच्यात फक्त दुसऱ्या पत्त्याची नोंद असते आणि ती उघडली की ऑपरेटिंग सिस्टिम परस्पर तिकडे नेते.

या प्रश्नाचं उत्तर युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या रचनेतच होतं. डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांनी १९७४ साली युनिक्सवर लिहिलेल्या शोधनिबंधात ती रचना वाचायला मिळते. फोल्डर म्हणजे निव्वळ नावांची यादी, आणि प्रत्येक नावापुढे एक क्रमांक. फाइल केवढी, कुणाची, डिस्कवर कुठे आहे, हे सगळं त्या क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे आयनोडमध्ये. फाइलचं नाव मात्र त्या नोंदीत नसतंच! त्यामुळे एकाच फाइलला सारख्याच हक्काची दोन नावं देता येतात. त्यांना हार्ड लिंक म्हणतात.

हे घरच्या लिनक्सवर पाहता येतं. 'हिशेब' नावाच्या फाइलला 'एलएन' ही कमांड वापरून 'जमाखर्च' असं दुसरं नाव द्यायचं आणि 'एलएस -एलआय' चालवायचं. दोन्ही नावांपुढे एकच आयनोड क्रमांक येतो आणि लिंकच्या रकान्यात २ हा आकडा दिसतो. 'हिशेब' पुसली तरी 'जमाखर्च' व्यवस्थित उघडते. रकान्यातला आकडा तेवढा १ होतो. तो शून्यावर आला आणि कुठल्याही प्रोग्रॅमने फाइल उघडी ठेवलेली नसली, तरच डिस्कवरची जागा सुटते.

नुसता आयनोड क्रमांक पुरत नाही, कारण प्रत्येक पार्टिशनचे क्रमांक स्वतंत्र. गावात शेत कुठल्याही नावाने ओळखलं जात असो, तलाठी पाहतो गट नंबर. आणि तोच गट नंबर शेजारच्या गावातही असतो, म्हणून आधी गाव सांगावं लागतं. तसं डिव्हाइसचा, म्हणजे त्या पार्टिशनचा, क्रमांक आणि आयनोड, दोन्ही जुळले तरच फाइल तीच. पायथॉनमधलं 'सेमफाइल' फंक्शन हेच करतं. विंडोजवर व्हॉल्यूमचा सिरियल नंबर आणि फाइलचा आयडी पाहतात. ही तपासणी दोन्ही फाइली जागेवर असतानाच करायची. एक पुसली गेली की तिचा क्रमांक नव्या फाइलला मिळू शकतो. नेटवर्कवर तर एकच फाइल दोन वाटांनी वेगवेगळे क्रमांक दाखवू शकते.

नावांवर विसंबल्याची किंमत डिसेंबर २०१४ मध्ये दिसली. प्रोग्रॅमर कोड सांभाळायला वापरतात ते गिट आपली सेटिंग्ज '.गिट' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतं. बाहेरून आलेल्या कोडमध्ये त्या नावाचं काही असेल तर गिट ते नाकारत असे, पण हुबेहूब तेच स्पेलिंग असेल तरच. कुणी ते इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहिलं तर? लिनक्सला ते वेगळं नाव. विंडोज आणि मॅक मात्र एरवी कॅपिटल-स्मॉल असा भेद करत नाहीत. त्यामुळे हल्लेखोराची फाइल थेट खऱ्या फोल्डरमध्ये उतरे आणि त्याच्या कमांड दुसऱ्याच्या संगणकावर चालू शकत. विंडोजवर 'गिट~१' हे आखूड नावही चाले. १८ डिसेंबरला आलेल्या २.२.१ आवृत्तीत हे भगदाड बुजवलं गेलं.

मराठीत हा घोळ याहून बारीक आहे. 'दऱ्या' या शब्दातला 'ऱ' युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर म्हणून लिहिता येतो किंवा 'र' आणि नुक्ता जोडून. युनिकोड या दोन्हींना समान मानतं. तिसरी रीत म्हणजे 'र', हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर हा न दिसणारा वर्ण. तिला युनिकोडही पहिल्या दोघींच्या बरोबरीची मानत नाही. स्क्रीनवर तिन्ही 'दऱ्या' सहसा सारख्याच दिसतात, पण लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर त्या एकाच फोल्डरमध्ये तीन वेगळ्या फाइली म्हणून नांदतात. ॲपलची एपीएफएस पहिल्या दोन नावांना एकच समजते, त्यामुळे असा फोल्डर मॅकवर नेला की दोन फाइलींची टक्कर होते.

मराठी कागदपत्रं सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी म्हणून दोन कामं जरूर करावीत: फाइल ओळखताना नावाऐवजी क्रमांक विचारावा, आणि चाचणीच्या फाइलींत 'दऱ्या' हा शब्द तिन्ही प्रकारे लिहून घालावा.